डावीकडे बाइक, समोर बस!

एक खेळ खेळू. हे पान वाचताना मान वर करायची नाही. आता सांगा, तुमच्या मागच्या डेस्कवरच्या कलीगनं आज कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय? सकाळी पार्किंगमध्ये तुमच्या बाइकशेजारी काय उभं होतं? लिफ्टमध्ये किती जण होते? कमॉन, तासा-दोन तासांपूर्वीचीच तर गोष्ट आहे! नाही आठवत? जाऊ द्या. टेन्शन घ्यायचं काहीच कारण नाही. बदाम भिजत घालायचं तर मुळीच नाही. तुमचा मेंदू एकदम ओके आहे. सगळ्यांचंच असं असतं.

‘सगळ्यांचंच असं असतं’ हे वाक्य गेल्या वर्षी मी आईला इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी ते खरं आहे का हे बघण्यासाठी मला रीतसर वाचायला बसावं लागलं.

त्याचं असं झालं. आमच्या घरी एक गाडी आहे. पांढरी, बारा वर्षांची, डाव्या दाराला एक पोचा. ती फक्त बाबा चालवायचे. मला स्कूटी येते, आईला तीही येत नव्हती. २०२३ च्या दिवाळीनंतर बाबांना काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत. या आजाराचा वाईट भाग असा, की तो कडेनं येतो. समोरचं सगळं लख्ख दिसत राहतं, पेपर वाचता येतो, आणि बाजूबाजूची नजर हळूहळू खाल्ली जाते. गेलेली नजर परत येत नाही, रोज थेंब घालून उरलेली टिकवायची, एवढंच हातात असतं. पण सगळ्यात भन्नाट गोष्ट म्हणजे पेशंटला तिथे काळा डाग वगैरे काही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा आपल्या मनानं भरून टाकतो. बाबांना शेवटपर्यंत वाटत होतं, की आपल्याला अख्खा रस्ता दिसतोय. त्या पांढऱ्या घुमटात डोकं घालून, मधल्या ठिपक्याकडे बघत, दिवा लुकलुकला की बटण दाबायची टेस्ट असते ना, तिचा कागद हातात आल्यावर ते गप्प झाले. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद.

मग अख्खं खानदान सल्ले द्यायला हजर. काका म्हणाले, विकून टाका, ओला-उबर आहे, आता तर वनाझपासून मेट्रोही आहे. मामी म्हणाली, ड्रायव्हर ठेवा. बाबा काहीच म्हणाले नाहीत. ते रोज सकाळी खाली जाऊन गाडी पुसायचे आणि वर यायचे. एवढंच.

आठवडाभरानं जेवताना आई म्हणाली, “मी शिकते.” वय वर्षं छप्पन्न. बाबांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, “अगं, रस्ता म्हणजे काय ओटा आहे का?”

या डायलॉगवर माझं आणि बाबांचं दोन दिवस वाजलं. पण नंतर वाचत गेले तसं लक्षात आलं, की अजाणता का होईना, बाबांनी तुलना अगदी बरोब्बर केली होती. ओट्याकडे नंतर येऊच.

आईनं घराजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. चौथ्या दिवशी घरी आली ती सरळ गॅलरीत जाऊन बसली. पौड फाट्यावर गाडी बंद पडली, मागे सगळ्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. शिकवणारे सर वैतागून म्हणाले, “काकू, तुमचं लक्षच नसतं.” आई मला म्हणाली, “लक्ष असतं गं. पण आरसा बघेपर्यंत समोरचं जातं, समोरचं बघेपर्यंत आरशातलं जातं. डोक्यात मावतच नाही सगळं. वय झालं माझं.”

मावतच नाही! मानसशास्त्रज्ञांनी इतकी वर्षं डोकेफोड केली ती याच प्रश्नावर. डोळ्यासमोरून गेलेल्या गोष्टी आपण काही सेकंद हाताशी धरून ठेवतो, त्या कामचलाऊ स्मृतीत नेमकं मावतं किती?

१९९७ मध्ये स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल या अमेरिकन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. पडद्यावर क्षणभर काही रंगीत चौकोन दाखवायचे, मग साधारण सेकंदभर पडदा कोरा, मग पुन्हा चौकोन. काही बदललं का, एवढंच सांगायचं. तीन चौकोनांपर्यंत सगळे हुशार. चारनंतर गडबड सुरू. आठ-बारा चौकोन असले की चुका वाढतच जातात. आणि हे सगळे कॉलेजातले, तरुण, तल्लख डोळ्यांचे लोक होते बरं का! म्हणजे आईच्या डोक्यात ‘सगळं’ मावत नव्हतं यात वयाचा काही संबंध असलाच तर थोडाफार. तसं तुमच्याही डोक्यात मावत नाही. पौड फाट्यावर सिग्नल सुटतो तेव्हा समोर किती गोष्टी असतात ते मोजून बघा. दोन रिक्षा, पीएमपीची बस, राँग साइडनं येणारा डिलिव्हरी बॉय, फुटपाथवरून उतरणाऱ्या आजी, मेट्रोचा खांब, तीन आरसे, गिअर, क्लच. चार चौकोनांच्या मेंदूनं हे झेपवायचं?

तरीही आपण गाडी चालवतोच की. कशी?

पहिलं कारण वाचून मी तर उडालेच. आपण बघतच नाही! म्हणजे आपल्याला वाटतं तसं नाही. हात पुढे लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाच्या जरा पुढेमागे एवढ्याच जागेत आपली नजर खरी तीक्ष्ण असते. बाकी सगळं अंधुक. डोळे सेकंदाला साधारण तीनदा उड्या मारतात आणि प्रत्येक उडीच्या वेळी मेंदू चित्र जवळपास बंद करतो. मधल्या फटी भरून ‘मला सगळं दिसतंय’ हा फील आपल्याला फुकटात मिळतो. काचबिंदूत बाबांच्या मेंदूनं जे केलं ते धट्ट्याकट्ट्या डोळ्यांतही दिवसभर चालूच असतं म्हणा ना.

डॅनिअल सायमन्स आणि डॅनिअल लेव्हिन यांचा १९९८ चा प्रयोग तर सिनेमात शोभेल असा आहे. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीच्या आवारात एक माणूस नकाशा घेऊन वाटसरूला पत्ता विचारतो. बोलणं चालू असतानाच दोन जण एक मोठं दार उचलून दोघांच्या मधून जातात. दाराच्या आड पत्ता विचारणारा बदलतो! उंची वेगळी, कपडे वेगळे, आवाज वेगळा. आणि निम्म्याहून अधिक लोकांनी शांतपणे उरलेला पत्ता त्या दुसऱ्या माणसाला सांगितला. हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती चारेक दिवसांनी पहिल्यांदा खळखळून हसली. “म्हणजे माझं एकटीचं नाही,” म्हणाली. सांगत होते ना?

आता ओट्याची गोष्ट. मायकल लँड या ब्रिटिश शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लोकांच्या डोक्याला छोटे कॅमेरे लावले आणि त्यांना चहा करायला सांगितलं. खरंच, नुसता चहा! डोळे कुठे कुठे जातात ते नोंदवलं. लक्षात काय आलं, तर हात किटलीपाशी पोचायच्या साधारण अर्धा सेकंद आधी डोळे किटलीवर पोचतात. ते काम संपतं न संपतं तोच डोळे पुढच्या वस्तूवर. कामाशी संबंध नसलेल्या वस्तूंकडे जवळपास कोणी बघतच नाही. म्हणजे अख्खा ओटा डोक्यात साठवायची गरजच पडत नाही. ओटा समोर आहेच की! हवं तेव्हा हव्या त्या जागी बघायचं, बस्स. मेरी हेहो आणि डाना बॅलर्ड यांनी त्याआधी, १९९५ मध्ये, ठोकळ्यांचा नमुना बघून तसाच नमुना करायला दिला होता. लोक चार ठोकळे लक्षात ठेवू शकत असूनही एकेका ठोकळ्यासाठी दोनदोनदा नमुन्याकडे बघत होते. आधी रंग बघायचा, ठोकळा उचलायचा, मग जागा बघायची. लक्षात ठेवण्यापेक्षा पुन्हा बघणं स्वस्त पडतं.

आता माझ्या आईला तिच्या किचनमध्ये बघा. एका बर्नरवर कुकर, दुसऱ्यावर भाजी, हातात पोळी, कानाला मोबाइल, आणि वर मला ‘फ्रिजचं दार नीट लाव’. ती यातलं काहीच डोक्यात धरून ठेवत नसते. तिला फक्त माहीत असतं, की कुठली गोष्ट कधी बघायची. शिट्ट्या तर बघायच्याही नसतात, त्या कानानं मोजायच्या. तीस वर्षं तिनं हा ओटा चालवलाय. रस्ता मात्र तिला नवा होता, आणि कधी कुठे बघायचं हेच कळत नसल्यामुळे ती सगळं एकदम धरून ठेवायला जात होती. चार चौकोनांत अख्खा पौड रोड!

अमेरिकेत १९७२ मध्ये मूरंट आणि रॉकवेल यांनी नवशिक्या आणि मुरलेल्या ड्रायव्हर्सची नजर तपासली होती. नवशिक्यांची नजर गाडीच्या अगदी नाकासमोरच्या रस्त्यावर खिळलेली, आरशाकडे जाणं कमी. मुरलेल्यांची नजर लांब, आणि आरशात येऊनजाऊन. मेंदूतली जागा दोघांची सारखीच. फरक जागेत नाही, भरण्यात आहे. बुद्धिबळात हेच होतं. १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी दाखवून दिलं, की खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला तर मास्टर खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी लावतो. त्याच सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, की मास्टर आणि नवशिका जवळपास एकाच लायनीत. मास्टर पंचवीस सोंगट्या बघतच नाही. तो पाच-सहा ओळखीच्या जोड्या-गट बघतो. ‘सिग्नल सुटतोय, बस स्टॉपवरून निघतेय, तिच्या पुढून कोणीतरी पळणार’ हा असाच एक गट. बाबांसाठी ती एक गोष्ट होती. आईसाठी चार.

आणि खऱ्या जगातल्या वस्तूंना रंगीत चौकोनांपेक्षा एक फायदा असतो, तो म्हणजे अर्थ. टिमथी ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की बघायला जरा जास्त वेळ दिला तर चौकोनांचे मार्क आहेत तिथेच अडकतात. पण ओळखीच्या वस्तू, म्हणजे बॅग, खुर्ची, कप असलं काही, जास्त संख्येनं लक्षात राहतं. नुसता लाल ठिपका आणि लाल एसटी यात आपल्या मेंदूसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला विचाराल तर या सगळ्या संशोधनातली ही सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट. तुमची पन्नास कॉलमची एक्सेल शीट बघून डोळे फिरतात आणि भर गर्दीच्या लग्नात मात्र कोण कोणाशी बोलत नाहीये ते एका नजरेत टिपलं जातं, त्यामागे असलंच काहीतरी असणार.

पण आईचा गाडा अजून चौकातच अडकला होता. तेव्हा तिनं स्वतःच एक आयडिया काढली. ती बोलायला लागली. “डावीकडे बाइक. समोर बस. आजी थांबल्या. आरशात टेम्पो.” कुकरच्या शिट्ट्या मोजताना पुटपुटते ना, तश्शी. सर जाम वैतागले. “काकू, बोलू नका, गाडीवर लक्ष द्या.” दोन दिवस ती गप्प बसली आणि दोन दिवस गाडी पुन्हा बंद पडायला लागली. तिसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं, “तुम्ही कानात बोळे घाला, पण मी बोलणार.” माझी आई कोणाला असं उलटून बोलताना मी तरी आजवर ऐकलं नव्हतं.

मला वाटलं, चला, आईची एक गंमत. आणि एका रात्री वाचता वाचता समोर आला नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीतल्या क्लोई रॉबिन्स, पीटर चॅपमन वगैरे मंडळींचा २०१९ चा पेपर. इंग्लंडमध्येही आपल्यासारखीच डाव्या बाजूनं गाडी चालवतात. तिथे चौकात कार बाहेर काढणारे ड्रायव्हर समोरून येणाऱ्या बाइकला धडकतात आणि म्हणतात, ‘दिसलीच नाही हो!’ हे आपल्याकडेही रोज ऐकू येतं. या लोकांनी ड्रायव्हर्सना सिम्युलेटरमध्ये बसवून चौक पार करायला लावला आणि लगेच विचारलं, आत्ता कुठल्या गाड्या बघितल्या? काही वेळा बाइक सांगितलीच गेली नाही. आणि डोळ्यांच्या नोंदी तपासल्या तर डोळे त्या बाइकवर चक्क पडलेले! म्हणजे दिसली होती, पण दुसऱ्या बाजूला मान वळवून बघेपर्यंत डोक्यातून पुसली गेली. आईचं ते ‘आरसा बघेपर्यंत समोरचं जातं’. शब्दन् शब्द तेच. यावर त्यांचा सल्ला काय? बाइक दिसली की ‘बाइक’ म्हणा. मोठ्यानं!

हे का चालतं, याचं उत्तर तर १९७४ पासून आहे. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी तेव्हा मांडलं, की ही कामचलाऊ स्मृती म्हणजे एकच डबा नाही. डोळ्यांनी बघितलेल्याचा कप्पा वेगळा, शब्दांचा, आवाजाचा वेगळा. डोळ्यांचा कप्पा भरला की पुढची नजर आधीचं ढकलून देते. पण ‘डावीकडे बाइक’ असं म्हटलं की ती बाइक दुसऱ्या कप्प्यात जाते आणि मान वळली तरी दोन-चार सेकंद तिथे राहते. चौक पार करायला तेवढे पुष्कळ झाले.

मी प्रिंटआउट काढून आईच्या हातात दिलं. तिनं ते क्लासच्या सरांना नेऊन दाखवलं का? नाही. तिनं ते बाबांना दाखवलं.

आता तुम्ही म्हणाल, बोलणं चालतं तर मग मोबाइलवर बोललं तर काय बिघडलं? हँड्सफ्री आहेच की! इथे मात्र ब्रेक. अमेरिकेतल्या युटा युनिव्हर्सिटीचे डेव्हिड स्ट्रेअर वर्षानुवर्षं हेच तपासताहेत. त्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांचे डोळे रस्त्याकडेच्या फलकावर जातात, पण नंतर तो फलक ओळखता येत नाही. हात मोकळे असतात, डोकं नसतं. बॉसशी टार्गेटबद्दल बोलताना डोळ्यासमोर बॉसची केबिन उभी राहते, रस्ता नाही. त्याच ग्रुपनं २००८ मध्ये आणखी एक मस्त गोष्ट शोधली. शेजारी बसलेल्या माणसाशी गप्पा मारल्यानं तेवढं नुकसान होत नाही. कारण त्यालाही रस्ता दिसत असतो. अवघड जागा आली की तो आपोआप गप्प होतो, किंवा रस्त्याबद्दलच बोलायला लागतो.

शेजारी बसलेला माणूस. आमच्या घरात ही जागा रिकामी नव्हती. पंचवीस वर्षांचा अनुभव, आणि आता नुसतं बसायचं काम. बाबा पहिल्यांदा आईबरोबर बसले तो रविवार मी विसरणार नाही. मी मागे. कर्वे पुतळ्यापर्यंत बाबा दोन्ही पाय फ्लोअरवर घट्ट रोवून बसले होते, जणू त्यांच्याकडेही ब्रेक आहे. आई बोलत होती, “समोर रिक्षा. उजवीकडे स्कूटर.” बाबा गप्प. नळ स्टॉपच्या अलीकडे ते एकदम म्हणाले, “पुढची बस थांबणारे बघ, आत्तापासून उजवीकडे सरक.” मास्टरचा गट! आई सरकली. त्यानंतर डेक्कनपर्यंत दोघांची कॉमेंटरी चालू होती. बाबा लांबचं सांगत होते, कारण समोरचं लांबवर त्यांना अजूनही स्वच्छ दिसतं. आजूबाजूचं आई सांगत होती. एकदा ते म्हणाले, “डावीकडे मोकळं आहे,” आणि आई शांतपणे म्हणाली, “नाही हो, सायकल आहे.” बाबांनी मान पूर्ण वळवून बघितलं. सायकल होती. काही सेकंद गाडीत कोणीच बोललं नाही. मग बाबा म्हणाले, “डावीकडचं तूच बघ.”

काचबिंदूबद्दल त्या कागदानं जे त्यांच्या गळी उतरवलं नव्हतं, ते त्या सायकलनं उतरवलं असं मला वाटतं. त्या दिवसापासून त्यांनी थेंब घालायला एकदाही आठवण करू दिलेली नाही.

टेस्टच्या वेळी आईनं पुटपुटत पुटपुटत ट्रॅक पूर्ण केला. टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, “मॅडम, स्तोत्र म्हणताय का?” ती “हो” म्हणाली. पास!

फेब्रुवारीत आम्ही भोरला गेलो, आईच्या आईकडे. कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, कापूरहोळला वळून पुढे. हायवेला आई घाबरेल असं मला वाटलं होतं, पण तिथे उलट बरं होतं, रस्त्यावर गोष्टीच कमी. कॉमेंटरीही विरळ झाली. मध्येच आई बाबांशी हळदीच्या भावाबद्दल बोलली आणि पुढे ट्रक दिसल्याबरोबर दोघंही एकदम थांबले. मी मागच्या सीटवर युटाच्या प्रोफेसरांना मनातल्या मनात सलाम ठोकला.

घरापुढे गाडी लागली. आई हातपाय धुवायला परसात गेली. आजी काठी टेकत दारापर्यंत आली, गाडीत डोकावली, मग बाबांना म्हणाली, “अहो, तुमचा ड्रायव्हर कुठाय? त्यालाही पान वाढायला सांगते.”

“हात धुतेय तुमचा ड्रायव्हर,” बाबा म्हणाले, आणि डिकीतून पिशव्या काढायला लागले.